शकुंतलेच्या माहेरीं

आमच्या लोणारास आगगाडी कधींच आली नाहीं. आकाशांतून उल्का आली. तिच्या आघातानें काळ्या खडकांत सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचें विवर पडलें आणि त्यांत खारें सरोवर सांचलें. त्याच्या कांठीं व गांवांत यादवांच्या काळीं देवळें उभीं राहिलीं. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाचा इंग्रज अधिकारी येऊन त्याची नोंद करून गेला, आणि २०२० सालीं जगांतील जतन करण्याजोग्या पाणथळांच्या रामसर यादींत आमच्या सरोवराचें नांव गेलें. एवढें सगळें आलें. रूळ मात्र आले नाहींत. त्यामुळें आम्हां लोणारकरांची भग्नावशेषांची कल्पना जरा वेगळीच झाली आहे. पडकें म्हणजे दैत्यसूदनाचें देऊळ, पडकें म्हणजे सरोवराच्या कांठचीं कोनाकोपऱ्यांतलीं शिवालयें. जें मोडलें तें सातआठशें वर्षांचें असलें तरच तें पाहण्याजोगें, असा आमचा समज. कालपरवां मोडलेल्या वस्तूस कोणी अवशेष म्हणतें हें आम्हांस ठाऊकच नव्हतें.

हा समज गेल्या मार्गशीर्षांत आमच्या काकूंनीं मोडला. काकू म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबांतील सर्वांत वडील मंडळी. वय ऐंशीच्या घरांत, नजर अजून तीक्ष्ण, आणि हातीं काठी असली तरी ती टेंकण्यापेक्षां बोट दाखविण्याच्याच कामीं अधिक येते. एके दिवशीं दुपारीं तांदूळ निवडतां निवडतां त्या मला म्हणाल्या, “अरे, तूं पाहुण्यांना देवळें दाखवीत हिंडतोस. मला एकदां माझें स्टेशन दाखवून आण.”

“कोणतें स्टेशन, काकू?”

“माझें म्हणजे यवतमाळचें. दुसरें कोणतें?”

काकूंचें माहेर यवतमाळचें. १९६५ च्या वैशाखांत त्या लग्न होऊन लोणारास आल्या, त्या यवतमाळच्या छोट्या गाडीनें कारंज्यापर्यंत व तेथून मोटारीनें मेहकरावरून. ती छोटी गाडी म्हणजेच वऱ्हाडांत जिला लाडानें ‘शकुंतला’ म्हणत, ती. चालूं शतकाच्या दुसऱ्या दशकांत ती बंद पडली आणि यवतमाळचें तें स्टेशन ओस पडलें. माहेरचें घर केव्हांच विकलें गेलें होतें. भाऊही आतां नाहींत. तरी माहेरच्या नांवानें पाहावें असें त्यांच्या मनांत उरलें होतें तें एक स्टेशन. आम्हीं नाहीं म्हणण्याचें कांहींच कारण नव्हतें. माझी कन्या कॉलेजास सुट्टी म्हणून घरींच होती, तीही निघाली. निघतांना काकूंनीं धारेवरच्या गोमुखाचें पाणी आणविलें, पितळी तांब्यांत भरलें, तोंडास फडकें बांधलें आणि तांब्या मांडीवर घेऊन त्या गाडींत बसल्या. हें कशासाठीं, तें त्यांनीं सांगितलें नाहीं. मींही विचारलें नाहीं.

वाटेंत माझी कन्या विचारूं लागली कीं यवतमाळसारख्या ठिकाणीं अशी अरुंद गाडी कोणी आणि कां बांधली? तिला जें सांगितलें तेंच येथें थोडक्यांत देतों. कारण तें कळल्यावांचून त्या पडक्या स्टेशनाचा अर्थ कळत नाहीं.

वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडास जाईनासा झाला, आणि मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या उपाशी राहूं लागल्या. तेव्हां साहेबांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. जी. आय. पी. रेल्वेचा मोठा रस्ता वऱ्हाडांतून १८६७ सालीं नागपूरपर्यंत पोंचला. कापसाच्या दोन मोठ्या पेठा त्या रस्त्यापासून दूर राहिल्या होत्या. म्हणून जलंबहून खामगांवास आणि बडनेऱ्याहून अमरावतीस फांटे काढले. आमच्या जिल्ह्यांतील खामगांवचा फांटा १८७० सालीं सुरू झाला, त्या समारंभास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापसाचा मान तेव्हां एवढा मोठा होता.

यवतमाळकडील कापूस मात्र त्यानंतरही कित्येक वर्षें बैलगाड्यांनींच जात असे. ती उणीव विसाव्या शतकाच्या आरंभीं भरून निघाली. किलिक निक्सन ह्या पेढीनें उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या नांवानें मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा मार्ग झाला. १९१३ सालीं मूर्तिजापूरहून उत्तरेस अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटरांचा दुसरा, आणि १९१७ सालीं वर्धेकडे पुलगांव ते आर्वी हा ३५ किलोमीटरांचा तिसरा. रस्ता स्वस्तांत व्हावा म्हणून रुळांमधील अंतर ठेविलें अवघें अडीच फूट. मोठ्या रस्त्यावर तें साडेपांच फूट असतें. अरुंद रस्त्यास वळणें लहान घेतां येतात, भराव व पूल लहान पुरतात, इंजिनही हलकें चालतें. मात्र रुंदी निराळी असल्यामुळें मूर्तिजापुरास प्रत्येक गाठ छोट्या डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवावी लागे. तेथून ती मुंबईस, आणि मुंबईहून बोटीनें विलायतेस.

ह्यांत एक गंमत आहे. ह्या मार्गावर ज्या वाफेच्या इंजिनानें सर्वांत अधिक नांव मिळविलें, तें १९२१ सालीं मँचेस्टरलाच घडलेलें होतें. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, तें यवतमाळची गाडी ओढीत होतें. मग त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. ज्या शहरानें कापूस नेला, त्यानेंच गाडी ओढणारा घोडाही पाठविला होता. आणि कापूस नेणारे गेल्यावरही तो घोडा सत्तेचाळीस वर्षें इमानानें राबत राहिला.

साहेब गेले, पण त्यांचा करारनामा राहिला. १९५१ सालीं मध्य रेल्वे अस्तित्वांत आली, तेव्हां गाडी चालविणें तिच्याकडे आलें. मार्गाची मालकी मात्र कंपनीचीच राहिली. दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याचें जें होतें तेंच ह्या गाडीचें झालें. जो चालवी त्याचा मार्ग नव्हता, आणि ज्याचा मार्ग होता त्यास खर्च करण्याची हौस नव्हती. रूळ झिजले, लांकडी स्लीपर कुजले, म्हणून वेग कमी करावा लागला. वेग कमी झाला म्हणून उतारू मोटारीकडे वळले. उतारू घटले म्हणून दुरुस्ती आणखी लांबली. शेवटीं तासास पंधरावीस किलोमीटर ह्यापलीकडे गाडी जाईना. कालिदासाच्या नाटकांत राजास आपल्याच पत्नीची ओळख पटेना, कारण खुणेची अंगठी हरवली होती. ह्या शकुंतलेची ओळख सरकारास पटेना, तेव्हां तिची अंगठी कोणत्या दफ्तरांत हरवली होती, कोण जाणे!

मेहकरापाशीं आम्ही समृद्धि महामार्गास लागलों. डिसेंबर २०२२ मध्यें त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, तेव्हांपासून आमच्याकडचीं अंतरें आखडलीं आहेत. कारंज्याचा फांटा आला तो काकूंचें पुरें एक सुपारीचें खांडही चघळून झालें नव्हतें, असें त्यांचेंच म्हणणें. “ह्याच वाटेला मला दीड दिवस लागला होता,” त्या म्हणाल्या, आणि तांब्यावर हात ठेवून गप्प बसल्या.

कारंजा म्हणजे श्रीनृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान. गुरुमंदिरांत दर्शन झाल्यावर काकूंनीं गाडी जुन्या स्टेशनाकडे घ्यावयास सांगितली, आणि तेथें दगडी जोत्यावर बसून त्यांनीं आम्हांस ती गोष्ट सांगितली. साठ वर्षें आम्ही एका घरांत राहत आलों. पण ती मला ठाऊक नव्हती.

१९७२ सालचा दुष्काळ. यवतमाळहून तार आली कीं आई फार आजारी आहे, धारेचें पाणी मागते. काकूंच्या आईनें लेकीच्या घरीं एकदांच येऊन गोमुखाचें स्नान केलें होतें. तें पाणी तिच्या मनांत राहिलें होतें. काकू तांब्या भरून एकट्याच निघाल्या, कारण काका कामानिमित्त परगांवीं होते. मेहकरच्या पुढें मोटार नादुरुस्त झाली. ती सुरू होऊन कारंज्यास पोंचेपर्यंत यवतमाळची गाडी निघून गेली होती; पुढची दुसऱ्या दिवशींच. तरुण बाई, हातांत तांब्या, ओळखीचें कोणी नाहीं. स्टेशनावरील एका कर्मचाऱ्याच्या बायकोनें त्यांस घरीं नेलें, भाकरी वाढली, अंथरूण घातलें. “तिची जात मीं विचारली नाहीं, तिनेंही माझी विचारली नाहीं,” काकू म्हणाल्या, “त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती रे.” सकाळीं त्या बाईनेंच त्यांस डब्यांत बसवून दिलें.

“मग?” माझ्या कन्येनें विचारलें.

“मग काय. गाडी हळूहळूच चालायची. दारव्हा आलें, लाडखेड आलें. प्रत्येक ठिकाणीं थांबायची. मीं तांब्या सारखा मांडीवर धरला होता. यवतमाळला गाडी शिरतांना मीं खिडकींतून पाहिलें. माझा भाऊ फलाटावर उभा होता, आणि त्याच्या डोक्यावर केस नव्हते.”

आम्ही कोणीच कांहीं बोललों नाहीं. “तेव्हांपासून त्या स्टेशनावर मीं पाय ठेवला नाहीं,” त्या उठतां उठतां म्हणाल्या. “माहेरीं गेलें तें मोटारीनेंच. चला आतां.”

यवतमाळास पोंचलों तों ऊन उतरणीस लागलें होतें. यवतमाळ हें आतां मोठें शहर. लोकनायक बापूजी अण्यांची ही कर्मभूमि. मराठी साहित्य संमेलन येथें दोनदां भरलें: १९७३ सालीं गदिमांच्या आणि २०१९ सालीं अरुणाताई ढेऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं. पहिल्या वेळीं पाहुण्यांस शकुंतलेनें येण्याची सोय होती. दुसऱ्या वेळीं ती उरली नव्हती. एवढ्या शहराचें हें स्टेशन, पण शोधावें लागलें. मोठ्या रस्त्याच्या गर्दीतून आंत वळलों आणि एकाएकीं आवाज थांबले.

प्रथम दिसल्या त्या बाभळी. मग त्यांच्यामधून बैठी, कौलारू इमारत. भिंतीचा गिलावा सुटून आंतील विटा दिसत होत्या. तिकिटाची खिडकी ओळखूं आली ती तिच्या खालच्या फळीवरून. हजारों कोपरांनीं घासून तिची कड गुळगुळीत झाली होती. फलाट इतका ठेंगणा कीं त्यास फलाट म्हणावें कीं ओटा, असा प्रश्न पडावा. आणि रूळ? ते दिसेनात. माझ्या कन्येनें पायानें माती सारली, तेव्हां तरोट्याच्या वाळल्या काटक्यांखालून गंजलेलें लोखंड वर आलें. दुसरा रूळ हातभर पलीकडे सांपडला. तिनें काकूंची काठी मागून घेतली आणि दोन्हीं रुळांवर आडवी ठेविली. काठीचीं दोन्हीं टोंकें थोडथोडीं बाहेर उरलीं. “एवढीशीच वाट?” ती आश्चर्यानें म्हणाली. “ह्या एवढ्याशा वाटेनें सगळा कापूस गेला?”

“कापूसही गेला, आणि मीही गेलें,” काकू म्हणाल्या.

बाभळीच्या सावलींत एक म्हातारा बकऱ्या राखीत बसला होता. पूर्वीं तो ह्याच मार्गावर रुळांच्या दुरुस्तीस असे. आम्ही कोणी सरकारी मोजणीदार नव्हे अशी खात्री पटल्यावर तो मोकळेपणानें बोलूं लागला. “माय, हात दाखोला कां गाडी उभी रायत होती. रुळावर ढोर बसलं तं डायवर उतरून हाकलत होता.” शेवटच्या वर्षांत वाटेवरच्या स्टेशनांत माणसेंच उरलीं नव्हतीं, गार्डच खालीं उतरून तिकिटें विकी, आणि फाटक लागलें कीं गाडीवरचाच माणूस उतरून तें लावी, गाडी पुढें गेली कीं उघडी. भाडें मोटारीच्या मानानें किरकोळ. म्हणून भाजीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बाया, मजुरीस जाणारे गडी, दवाखान्यास निघालेले म्हातारे, हे सारे शेवटपर्यंत तिचे उतारू राहिले. ज्याला घाई होती त्यानें तिला सोडलें. ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्यानें सोडलें नाहीं. ती बंद पडल्याचें दुःख कोणास झालें असेल, तें ह्यावरून समजावें. “आतां पोट्टे इचारतात,” म्हातारा हंसून म्हणाला, “आबा, हे लोखंड कायचं होय?”

येथें आम्हां तिघांत वाद झाला, तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. कारण तो केवळ आमच्या घरचा नाहीं.

माझें म्हणणें असें कीं ही इमारत, हे रूळ, ही खिडकी आहे तशी राखावी. जगांत असें झालें आहे. पॅरिसमध्यें १९०० सालीं बांधलेलें ओर्से स्टेशन निकामी झालें तेव्हां तें पाडण्याचें घाटत होतें. पण तें राखलें, आणि १९८६ पासून तेथें फ्रान्सचें एक श्रेष्ठ चित्रसंग्रहालय आहे. माझ्या कन्येचें म्हणणें त्याच्याही पुढचें. ती म्हणाली, नुसती इमारत राखून काय उपयोग, गाडीच पुन्हां चालवावी. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्यें पाटीच्या दगडासाठीं बांधलेली तालिलिन नांवाची अशीच एक अरुंद रेल्वे मोडकळीस आली होती. गांवोगांवच्या हौशी लोकांनीं १९५१ सालीं ती स्वयंसेवेनें चालविण्यास घेतली, आणि ती अजून चालते आहे. जें वर्ष आमच्या शकुंतलेच्या उपेक्षेचें, तेंच तिच्या त्या विलायती बहिणीच्या उद्धाराचें! आमची नेरळ-माथेरानची गाडीही अरुंदच, आणि तिच्यासाठीं लोक हौसेनें रांगा लावतात.

काकूंनीं दोघांचेंही ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, “तुमच्या संग्रहालयांत बसून कोणाला माहेरीं जातां येईल का? आणि हौशी लोकांची गाडी रविवारीं सुटेल. आजारी आईची तार काय रविवार पाहून येते? मला हीं दारें-खिडक्या नकोत. येथें मोठी गाडी येऊं दे, वेळेवर सुटूं दे. माझें स्टेशन त्यांत गेलें तरी चालेल.”

हें ऐकून मी निरुत्तर झालों. काकूंचा मुद्दा हाच त्या भागांतील पुष्कळांचा मुद्दा आहे. शकुंतला वांचवा म्हणून अचलपूर-मूर्तिजापूरकडे लोकांनीं चळवळ केली, ती जुन्या वस्तूंच्या हौसेनें नव्हे, गाडीच्या गरजेनें. २०१६ सालीं हा मार्ग रुंद करण्यासाठीं सुमारें दीड हजार कोटी रुपयांची घोषणा झाली होती. घोषणेच्या मागोमाग जुनी गाडी मात्र थांबली. दुसऱ्या बाजूनें वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरांचा मोठा मार्ग हातीं घेतलेला आहे, आणि त्याचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाला. यवतमाळास पुन्हां शिट्टी ऐकूं येईल अशी आशा धरण्यास जागा आहे. पण ती शिट्टी दुसऱ्या वाटेनें येईल. दारव्हा-कारंज्याच्या वाटेवरील लहान गांवांचा प्रश्न तिनें सुटत नाहीं.

तरी काकूंस मीं एवढेंच म्हटलें, “मोठी गाडी यावीच, पण तिकिटाची ही खिडकी नव्या इमारतींत कोठें तरी बसवितां आली, तर तुमची कांहीं हरकत आहे का?” त्यांनीं थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “खिडकी राहूं दे. तिच्यांतून मीं पुष्कळ वेळां हात घातला आहे.” आमच्या घरचा तंटा असा मिटला. सरकारदरबारींही तो असा मिटूं शकेल असें मला वाटतें. कारण नवें बांधणें आणि जुन्याची खूण राखणें ह्यांत मुळांत वैर नाहीं. वैर आहे तें दोन्हीं न करतां बाभळी वाढूं देण्याशीं.

दिवस मावळूं लागला. फलाटाच्या टोंकास एक कडुनिंबाचें झाड आहे. काकू काठी टेंकीत तेथपर्यंत गेल्या. “येथें उभा होता तो,” त्या म्हणाल्या. मग त्यांनीं तांब्याचें फडकें सोडलें आणि धारेचें सारें पाणी त्या झाडाच्या बुंध्यास घातलें. त्या वेळचें पाणी काय केलें, असें माझ्या कन्येनें हळूच विचारलें. “त्या वेळचें तसेंच परत नेलें, बाळ. तुळशीला घातलें. पण तें तिचें नव्हतें.”

परततांना माझ्या मनांत आलें कीं लोणारच्या देवळांचा इतिहास आम्हीं दगडांवरून जुळवला, कारण सांगणारें कोणी उरलें नाहीं. ह्या स्टेशनांचें तसें नाहीं. ज्यांनीं त्यांतून प्रवास केला, तीं माणसें आज आपल्याच घरांत माजघरांत बसून तांदूळ निवडीत आहेत. वाचकहो, आपल्याही घरीं अशी एखादी काकू, आत्या किंवा आजी असेल. ती कोणत्या गाडीनें आली, कोठें उतरली, कोणी तिला भाकरी वाढली, तें एकदां विचारा आणि लिहून ठेवा. रूळ उखडले तरी चालतील. पण तिला विचारावयाचें राहून गेलें, तर तें पुन्हां विचारतां येणार नाहीं. मी साठ वर्षांनंतर विचारलें, आणि तेंही तिनें होऊन स्टेशन दाखव म्हटलें म्हणून.